दोन विती डावीकडे

वेवजी गावच्या एका पाड्यावर जत्रेचा पहिला तीर म्हाताऱ्या धाकल्याचा. चाळीस पावलांवर केळीचा बुंधा रोवायचा, त्यावर शेंदराचा टिळा. लागला की जत्रा सुरू, चुकला की मान पाड्यावरच्या दुसऱ्या तिरंदाजाकडे, लहान्याकडे. लहान्या अकरा वर्षं या चुकीची वाट बघत होता.

यंदा धाकल्याचा हात थरथरू लागला. जावई रविंद्रने मोबाईलवरून तीरांच्या टोकांच्या तीन पुड्या मागवल्या: निमुळती, तीन पात्यांची आणि रुंद दोन पात्यांची.

"मामा, रुंद घ्या. भोक मोठं पडतं."

"केळीला भोक कशाला? आत राहायला जायचंय?"

पण हात थरथरला तरी रुंद पातं टिळ्याला कुठंतरी शिवेल, असा हिशोब करून त्याने रुंदच घेतलं.

माळावर सरावाचा पहिला तीर सरळ निघाला, अर्ध्या वाटेत त्याला काहीतरी आठवलं आणि तो दोन विती उजवीकडे गेला. दुसराही तसाच. लोहाराने ठोकलेलं जुनं टोक असं कधी वागलं नव्हतं.

"डावीकडून समुद्राचा वारा येतो," रविंद्र म्हणाला. "रुंद पातं शिडासारखं वारा धरतं. मागची पिसं मोठी लावा."

"पातं पुढं, पिसं मागं. मग वळवतंय कोण?"

"दोघंही."

धाकल्याला काही कळेना. त्यात मोठ्या पिसांसाठी कोंबडा द्यायला बायको हिरी तयार नव्हती. शेवटी तो दोन विती डावीकडे नेम धरू लागला. आठ दिवसांत प्रत्येक तीर टिळ्यावर! करवंदीच्या जाळीमागून रोज विडीचा धूर यायचा. लहान्या शिकत होता.

जत्रेच्या दिवशी बघतो तर मैदानाला चारी बाजूंनी कापडी कनात बांधलेली.

"तुझ्या डोळ्यात धूळ जाते ना, मीच समितीला सांगितलं," हिरी कौतुकाने म्हणाली.

कनातीच्या आत पान हलत नव्हतं. धाकल्याने ठरल्याप्रमाणे दोन विती डावीकडे नेम धरला. तीर तंतोतंत तिथंच गेला. तिथं, बुंध्याला खेटून, मंडपवाल्याने स्पीकर ठेवला होता. तो धाकल्याचंच नाव पुकारत होता. अर्धंच पुकारलं.

लहान्या हातावर थुंकून पुढे झाला. टोक जुनं, लोहाराचं. नेम मात्र आठ दिवसांच्या अभ्यासाचा. त्याचाही तीर स्पीकरात.

"मी तर तुझ्यासारखाच मारला!" लहान्या ओरडला.

"म्हणून तर!" रविंद्र म्हणाला.

"मी चुकलो का नाही, ते सांगा आधी," धाकल्या म्हणाला.

"मामा, आज वारा नव्हता."

"म्हणजे नसलेल्या वाऱ्याने तीर वळवला?"

समितीची माणसं स्पीकरभोवती जमली. मान लहान्याला द्यावा तर तोही चुकलेला. "म्हाताऱ्यालाच अजून एक मारू द्या," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात हिरीने रागाने कनातीची एक बाजू सोडली. वारा आला, गेला, पुन्हा आला. धाकल्याने डावीकडे नेम धरला, मग सरळ धरला, मग दोरी सैल सोडून कामठा खाली ठेवला.

रुंद पात्याचा तीर हातात घेऊन तो चाळीस पावलं चालत गेला. हात थरथरत होता. पण पातं रुंद, टिळ्याला शिवलंच.

ढोल वाजला.