नांगराची साखळी

जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये घालवून हाशिम कायमचा मिरकरवाड्यात परत आला आणि आल्या आल्या घरामागच्या सामानाच्या मांगरात झाकून ठेवलेल्या अब्बांच्या जुन्या फियाटमागे लागला. पुढची स्प्रिंग काढायची होती. ती दाबून धरायचं अवजार कोल्हापूरहून यायला चार दिवस लागणार होते, पण एवढा धीर असता तर तो हाशिम कसला! त्याने माळ्यावरून अब्बांच्या लाँचची नांगराची साखळी काढली, जॅकने दाबलेल्या स्प्रिंगभोवती आवळली आणि खालचा जॅक हळूहळू उतरवू लागला.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, खुर्शीदने, ती साखळी लगेच ओळखली. सहा वर्षांपूर्वी, हाशिम बोटीवर असताना, लाँच तिनेच विकली होती. सगळं नवं दिसावं म्हणून साखळीच्या गंजावर काळा रंगही तिनेच फासला होता. बंदरावर सगळेच फासतात. गिऱ्हाईक मात्र बेरकी निघालं. त्याने साखळीवर हातोडी मारून पाहिली आणि ती तिथेच टाकून गेला. हाशिमला हे सांगायची तिला लाज वाटली. "अब्बांची आठवन म्हनून ठेवलीय," असं ती फोनवर बोलून गेली. तो पलीकडे रडला होता. मग खरं सांगायचं राहूनच गेलं.

साखळी कुरकुरली.

"अवो, ती साकळी नको. सोडा ती."

"अब्बांची हाय. तुफानात लाँच धरून ठेवलान हिने." हाशिमने मान वर केली नाही.

जॅक आणखी उतरला. आता सगळा जोर साखळीवर होता. खुर्शीदला स्वतःचाच संताप आला.

"आठवन म्हनून नाय ठेवलेली ती! गिऱ्हाइकाने घेतलान नाय. आतून कुजलीय. रंग मीच फासलेला!"

हाशिम थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा विश्वासच बसेना. त्याने अंगठ्याच्या नखाने कडीवरचा रंग खरवडला. खपली निघाली, खाली नुसता लाल भुगा.

"लांब हो," तो हळूच म्हणाला. हात मागे घ्यायच्या आत कडी तुटली.

स्प्रिंग उडून मांगराच्या चिऱ्याच्या भिंतीवर आदळली. शेजारी धावले, कुणी रिक्षा आणायला पळालं. खुर्शीदने त्याच्या उजव्या हाताला पंचा गुंडाळला आणि तो लगेच भिजला.

रिक्षात बसण्याआधी हाशिम वाकला. तुटलेली कडी उचलून त्याने तिच्यापुढे धरली.

"घे. अब्बांची आठवन."

जन्मात त्याने कुणाला डाव्या हाताने काही दिलं नव्हतं.