दोन फळ्या की एक

फळीवर उभी राहणार इंद्रायणी. पडली तर गुडघे फुटणार इंद्रायणीचे. मग फळी एक असावी की दोन, हे ठरवायला अख्खी कॉलनी कशाला बसली होती, हे तिला काही केल्या कळत नव्हतं.

सुरुवात झाली शाळेच्या हॉलमध्ये. गणपती उठल्यावर एका शनिवारी खिडक्यांना सतरंज्या लावून नववीच्या पोरींना काश्मीरवरचा माहितीपट दाखवला. शिकारे झाले, केशराची शेतं झाली, पोरी जांभया द्यायला लागल्या, आणि तेवढ्यात पडद्यावर पांढराशुभ्र डोंगर आला. त्यावरून एक बाई दोन पायांना दोन लांब फळ्या बांधून, हातात काठ्या घेऊन सूंकन खाली आली. बाई! खाली येऊन ती थांबली, वळली आणि हसली. इंद्रायणीने शेजारी बसलेल्या झुलेखाचा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशीही त्यावर बोटांचे वळ होते.

आता चिंचवडला बर्फ कुठून आणायचा? बर्फ मिळायचा तो पिंपरी कॅम्पात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, आणि तोही सरबतापुरता. पण उतार होता. कामगारांच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीपासून मैदानापर्यंत डांबरी रस्ता सरळसोट खाली गेला होता, आणि त्यावर पोरं बेअरिंगच्या गाड्या पळवायची. गावाकडच्या पोरांना जशा चिंचा, तशी या पोरांना भंगारातली बेअरिंगं. फळीखाली चार बेअरिंगं ठोकायची, वर बूड टेकायचं आणि खर्रर्र करत खाली. दर दसऱ्याला क्रीडा मंडळ या गाड्यांची शर्यत लावायचं. पोरी कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. आठवीपर्यंत इंद्रायणीनेही इमानेइतबारे वाजवल्या होत्या. आता बास.

झुलेखाचे वडील अजीजचाचा यांचं नाशिक रस्त्याला ट्रकचं गॅरेज होतं. पोरी मागे लागल्या तेव्हा त्यांनी झिजलेली चार बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन दिली आणि वर बजावलं, "तंगडी मोडली तर माझ्याकडे यायचं नाही. मी फक्त ट्रकची जोडतो."

चार बेअरिंगं, म्हणजे मार्ग दोनच. एकतर त्या बाईसारख्या प्रत्येक पायाखाली एकेक अरुंद फळी, तिला पुढे एक बेअरिंग, मागे एक. नाहीतर एकच रुंद फळी, खाली चारही बेअरिंगं, आणि वर दोन्ही पाय. झुलेखाला दोन हव्या होत्या. इंद्रायणी म्हणाली, भांडण कशाला, दोन्ही करून बघू.

आधी दोन केल्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पाय करकचून बांधले. टाकीपासून निघाल्याबरोबर इंद्रायणीचा डावा पाय निघाला पिंपरीला आणि उजवा निघाला चाकणला. मधली इंद्रायणी गटारात. झुलेखा पोट धरून हसली. मग झुलेखा चढली, आणि काय आश्चर्य, बगळ्यासारखी डौलात, अलगद खाली गेली. तिला जमलं ते जमलं. इंद्रायणीने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा गटार गाठलं, आणि मग खिळे उपटून एक फळी केली.

त्या फळीवर ती आडवी उभी राहिली, डावा खांदा उताराकडे, पाय अंतरावर. पुढचा दांडा एका बोल्टवर फिरता ठेवला होता, त्याला बांधलेली दोरी लगामासारखी हातात. निघाली. कुल्ला जरा मागे टाकला की फळी शहाण्या बैलासारखी ऐकत होती. वारा कानात शिरला, वेणी मागे उडाली, आणि मैदानाशी पोचली तेव्हा ती अजून उभी होती. उभी! पोरं सगळी बसून जातात, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्या क्षणापासून तिचं ठरलं. शर्यतीत जाणार, या एका फळीवर, उभ्याने.

झुलेखाला शर्यतीचं काही पडलेलं नव्हतं. ती म्हणाली, तुझा दसरा होऊ दे, मग पुन्हा दोन करू. विषय खरं तर इथेच संपला होता.

पण क्रीडा मंडळाचे चिटणीस उद्धवराव यांना तो संपलेला दिसला नाही. इंद्रायणी नाव द्यायला गेली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि मुलींनी पुढे आलंच पाहिजे यावर बरंच बोलले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हरकत काहीच नाही. फक्त दोन फळ्या घे. समोर तोंड, पाय जवळ, सिनेमातल्या त्या बाईसारखं. हे असं आडवं, पाय फाकून, पैलवानासारखं उभं राहणं बरं दिसत नाही."

इंद्रायणीने सांगितलं, दोन फळ्यांवर मी पडते.

"मग हळू ये. शर्यतीच्या आधी शोभेचा कार्यक्रम म्हणून ठेवू."

शोभेचा! घरी येईपर्यंत तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. अंगात झुलेखाची सलवार, वर फ्रॉक, नखाइतकं काही दिसत नव्हतं, मग बरं दिसत नाही म्हणजे काय? आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात दोनवर पाय ठेवला नाही की एकावर, तो सांगणार तिला काय घ्यायचं ते? बरं, तो एकटा असता तर. नळावर बायका म्हणायच्या दोनच बऱ्या. गिरणीवाला म्हणायचा दोन. शर्यतीतली पोरं म्हणायची, दोन घे गं, आणि फिदीफिदी हसायची, कारण त्यांनी तिला गटारात पाहिलं होतं. सगळ्यांचं एकमत. फक्त जिचे पाय होते, तिला कुणी विचारत नव्हतं.

इंद्रायणीचे वडील अर्जुनराव बीडकडून आलेले, कंपनीत फिटर. घरात त्यांना अण्णा म्हणत. आणि उद्धवराव नेमके अण्णांच्याच खात्यात सुपरवायझर. अण्णा भाकरी मोडत हळूच म्हणाले, "साहेब म्हणायलेत तर घे की दोन. काय बिघडायलंय?" आई, कौशल्याबाई, शिलाई मशीनवर होती. तिने मान वर केली नाही, पण पायडल घडीभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

इंद्रायणीने निरोप पाठवला, मी एकच घेणार. उद्धवराव म्हणे हसले आणि बघू म्हणाले.

मग खंडेनवमी आली, आणि इंद्रायणीने स्वतःच्या हाताने स्वतःचा घात केला. कारखान्यांच्या गावात खंडेनवमीचा थाट दिवाळीसारखा. घराघरांत हत्यारांची पूजा. अण्णांनी पाटावर पाना, हातोडी, कानस मांडली. सायकल धुऊन उभी केली. आईने मशीन पुसून कात्री त्यावर ठेवली, झेंडूची माळ घातली. आणि इंद्रायणीने ऐटीत आपली फळी आणून मशीनच्या शेजारी टेकवली. म्हणाली, हे माझं हत्यार. आईला हसू आलं. तिने फळीवरही हळदकुंकू वाहिलं, एक टपोरं फूल ठेवलं.

संध्याकाळी उद्धवराव प्रसादाला आले. खोबरं तोंडात टाकताना त्यांची नजर फळीवर गेली. त्यांनी खोबरं गिळलं, चप्पल लांब सारली आणि फळीला चक्क हात जोडले.

"वा. प्रश्नच मिटला, अर्जुनराव. पूजा झालेल्या वस्तूला पाय लावत नाहीत." मग इंद्रायणीकडे वळून गोड आवाजात, "पुस्तकाला लावतेस का पाय, बाळ?"

अण्णांनी मान डोलावली. साहेबापुढे त्यांची मान आपोआप डोलायची. उद्धवराव जिना उतरून गेल्यावर मग तिला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. पायासाठीच केलेली वस्तू, आणि तिला पाय लावायचा नाही! आणि ती तिने स्वतःच पूजेला आणून ठेवलेली.

झुलेखा प्रसादाची फेड म्हणून वाटीभर शेवया घेऊन आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या गॅरेजात सकाळपासून ड्रायव्हर ट्रकांना हार घालतायत. मग उद्या ब्रेक काय हाताने दाबणार?"

इंद्रायणीने डोळे पुसले. तिची नजर ट्रकवर नव्हती, तिथे ट्रक नव्हताच. ती आईच्या मशीनकडे बघत होती. मशीनच्या पायडलकडे.

दसऱ्याच्या सकाळी इंदुताई आल्या, उद्धवरावांच्या बायको. संध्याकाळी बक्षिसं त्यांच्याच हस्ते द्यायची होती. मोरपिशी साडी घेतली होती आणि तिचा ब्लाउज आईकडे शिवायला होता. ब्लाउज तयार होता, पण बाह्या लावायच्या राहिल्या होत्या, कारण काल दिवसभर मशीनला विश्रांती. इंदुताई म्हणाल्या, बसते, दोन टाके घालून द्या.

आई उठली, तेवढ्यात इंद्रायणी मशीनसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ आला.

"आईला मशीनला पाय लावता येणार नाही, काकू."

"म्हणजे?"

"पूजा झालीय ना. पूजा झालेल्या वस्तूला पाय लावत नाहीत. काल काकांनीच सांगितलं, इथं उभं राहून."

अण्णांना ठसका लागला. इंदुताईंनी पायडलकडे पाहिलं, मग शेजारी फूल ठेवलेल्या फळीकडे, मग आईकडे. इंद्रायणीला ठाऊक होतं, आईने नुसतं गप बस म्हटलं की संपलं. सुपरवायझरच्या बायकोला कोण परत पाठवतं? आई पुन्हा खाली बसली. मेथीची जुडी पुढे ओढली.

"पोरगी म्हणायली ते खरंच हाय, ताई," ती पानं खुडत म्हणाली. "साहेबांचा शब्द आमी कसा मोडावा?"

इंदुताईंनी बिनबाह्यांचा ब्लाउज हातात उलटासुलटा केला, खुंटीला अडकवला आणि निघून गेल्या. त्यानंतर अण्णांनी कंपनी सोडून बीडला परत जायची सगळी तयारी मनातल्या मनात केली असावी, असा त्यांचा चेहरा झाला होता.

चहा उकळतोय तोवर उद्धवराव स्वतः हजर. अंगात नवा झब्बा, कपाळाला आठ्या. म्हणाले, मशीनचं वेगळं असतं. इंद्रायणीने विचारलं, वेगळं कसं काय? म्हणाले, ते पोटापाण्याचं साधन आहे. ती म्हणाली, सायकलही पायानेच चालते, अण्णा उद्या कंपनीत चालत यायचे का? उद्धवरावांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा सायकलकडे बघत होते, जणू हा प्रश्न त्यांनाही आत्ताच पडला होता.

"उत्तरपूजा केली की दोष राहत नाही," उद्धवराव अखेर पुटपुटले. त्यांनी ताटातल्या अक्षता घेऊन मशीनवर टाकल्या आणि चप्पल शोधायला लागले.

इंद्रायणीने फळी उचलून त्यांच्यासमोर धरली. "हिच्यावर पण."

"ते तुझं तू—"

"न्हाई न्हाई, तुमच्याच हातानं टाका, साहेब," आई म्हणाली. "काल हात पण तुमीच जोडले होते."

पडल्या अक्षता. दोन-चारच, पण पडल्या. उद्धवरावांची पावलं जिन्यात वाजेपर्यंत कुणी हललं नाही. मग आईचे पाय पायडलवर आले आणि मशीन अशी काही सुटली, की बाह्या बघता बघता लागल्या. अण्णांनी फळीवरचं फूल काढून देवासमोर ठेवलं, बोल्ट हाताने हलवून पाहिला, पाना घेऊन तो आवळला आणि फळी पोरीच्या हातात दिली.

दुपारी टाकीशी गाड्या लागल्या. पोरं बसलेली, एक इंद्रायणी उभी. कुणीतरी पैलवान म्हणून ओरडलं, हसले सगळे. शिट्टी वाजली. खर्रर्र असा आवाज उठला की जणू कॉलनीतून मालगाडी चाललीय. मध्यावर एक गाडी कलंडली, तिला चुकवायला इंद्रायणीने दोरी ओढली, फळी तिरपी झाली, पण कुल्ला मागे गेला आणि फळी सरळ झाली. तिच्यापुढे दोघेच होते. मागे बाकी सगळे. मैदानाच्या चुन्याच्या रेघेवरून ती गेली तेव्हा टाळ्या पोरींच्या बाजूने आल्या, आणि त्या नुसत्या कडेला उभं राहून वाजवलेल्या नव्हत्या. झुलेखा तर रस्त्यात येऊन नाचत होती.

मांडवात उद्धवरावांनी माईक हातात घेतला. पहिल्या पोराचं नाव घेतलं, दुसऱ्याचं घेतलं. मग खाकरून म्हणाले, की कुमारी इंद्रायणीने सादर केलेल्या प्रात्यक्षिकाबद्दल मंडळ तिचं कौतुक करतं, आणि आता आपण सोनं लुटायला—

प्रात्यक्षिक! इंद्रायणी फळी काखेत घेऊन सरळ मांडवात शिरली. गुडघ्यापर्यंत धूळ, वेणी सुटलेली. खाली बसलेल्या माणसांनी पाय आवरून वाट दिली. ती माईकपाशी पोचली आणि माईक उद्धवरावांच्याच हातात असताना त्यात बोलली.

"तिसरी आलेय मी. प्रात्यक्षिक नव्हतं ते. शिट्टी वाजल्यावर निघाले आणि रेघेवर पोचले."

कर्णा कुंईकन वाजला. उद्धवराव हसून म्हणाले, की गाडीच्या शर्यतीत बसणं अपेक्षित असतं. मागून गिरणीवाला बोलला, असं कुठं लिहिलंय, राव? मग आणखी कुणी बोललं. मग बरेच जण एकदम बोलायला लागले, आणि गंमत म्हणजे त्यांतले निम्मे कालपर्यंत दोन फळ्यांवाले होते.

टेबलामागे मोरपिशी साडीत इंदुताई उभ्या होत्या. पहिल्याला डबा दिला होता, दुसऱ्याला तांब्या दिला होता. त्यांच्या हातात तिसरं बक्षीस होतं, स्टीलची वाटी. त्यांनी ती नवऱ्यासमोर धरली आणि घरी मीठ मागावं तशा आवाजात विचारलं, "मग ही कुणाला देऊ?"

माईक चालूच होता. प्रश्न मैदानभर गेला, टाकीपर्यंत गेला, आणि उद्धवराव माईकचं बटण चाचपडत राहिले. ते सापडेपर्यंत इंदुताईंनी थांबून पाहिलं, आणि मग वाटी इंद्रायणीच्या हातात ठेवली.