ताऱ्याचा जोडीदार

आई गेल्यापासून बाबांना घर खायला उठायचं. टीव्ही लावून ठेवायचे आणि बघत बसायचे खिडकीबाहेर. शेवटी लेक त्यांना आपल्यासोबत कामावर, वेधशाळेत नेऊ लागली. तिच्या टेबलाशेजारी बसून ते पेपर वाचत, डुलक्या काढत आणि जेवायची वेळ झाली की तिला हलवत.

रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या गदारोळातून ती पल्सार शोधायची. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो गरगर फिरतो आणि दर फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे धाडतो. त्या दिवसांत अशाच एका ठोक्यानं तिची झोप उडवली होती. एकदा सापडला, आणि पुन्हा तिकडेच दुर्बीण वळवली तर गायब. शेजारचा सहकारी म्हणाला, "कुणाचा तरी मोबाइल असेल. सोड नाद."

तिला सोडवेना.

"काय हरवलंय एवढं?" डबा उघडता उघडता बाबांनी विचारलं.

"एक तारा, बाबा."

"जागा सोडून गेला?"

"जागा तीच आहे हो. मला वाटतं, ताल बदलतोय. हा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल, तर आपल्याकडे येताना ठोके जवळजवळ पडणार, लांब जाताना विरळ. आमचा प्रोग्रॅम एकसारखा ताल शोधतो. याला समोर बघूनही ओळख देत नसणार."

"मग बदलता ताल शिकव त्याला."

"तेच चाललंय. कॉम्प्युटर रडकुंडीला आलाय. जेवा तुम्ही."

नव्या पद्धतीनं तिनं जुनी निरीक्षणं पुन्हा चाळली, आणि ज्या दिवशी तारा गायब होता त्याही दिवशी तो सापडला, पुसट. आता खात्रीसाठी दुर्बिणीचा वेळ हवा होता. दुर्बीण चालवणाऱ्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. मामांनी एका दुपारी दोन कामांच्या मध्ये तिला जागा करून दिली.

पडद्यावरच्या सपाट रेघेतून हळूहळू एक टोक वर आलं. कधी दोन शब्द न बोलणारे मामा म्हणाले, "आला बरं का."

तिनं ठोक्यांचा आवाज करून बाबांना ऐकवला. सेकंदाला शेकडो फेऱ्या, त्यामुळे ठोके कुठले, नुसती गुणगुण.

"म्हातारा ना हा?" बाबा म्हणाले. "मग एवढा दम कुठून आणला?"

"थकून मंदावलाच होता. जोडीदारानं स्वतःतलं थोडंथोडं याच्यावर ओतलं, तेव्हा कुठे वेग आला."

"आणि तो जोडीदार?"

"आहे की. झिजलाय, पण आहे सोबत."

बाबांनी आवाज जरा मोठा करायला लावला.

"तुझी आई असती तर म्हणाली असती, भांडतात का गं ते?"

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. इतके महिने दोघंही एकमेकांसमोर आईचं नाव टाळत होते. बाबांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मामा चहाचं निमित्त काढून बाहेर गेले.

गाडीत बसल्यावर बाबा आपणहून बोलू लागले. लग्नाआधी आई त्यांना पहिल्यांदा भेटायला गेली, तेव्हा चुकून दुसऱ्याच मुलाशी तासभर गप्पा मारून आली होती. लेकीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. घराचं वळण आलं, तरी तिनं गाडी सरळ पुढे नेली.

"मग?" ती म्हणाली.