चावी ऑन, इंजिन बंद

गॅरेजमधले सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. दिराने मारलेली हाक, तीच पुढे गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसली. गॅरेज खरं तर त्यांच्या नवऱ्याचं. तीन वर्षांपूर्वी साखळीला टांगलेलं इंजिन निसटलं, ते सावरायला तो पुढे धावला आणि त्याची कंबर कामातून गेली. त्यानंतर दोन वर्षं तो स्टुलावर बसून सांगायचा आणि वहिनी हात चालवायच्या. मग त्याला बसणंही जमेना. तो घरी राहिला आणि धाकटा भाऊ कारभार बघायला आला. आल्याआल्या त्याने वहिनींसाठी काउंटरमागे एक गुबगुबीत खुर्ची आणून ठेवली. वहिनींनी त्या खुर्चीवर फिल्टरच्या खोक्यांची चळत रचली, नवऱ्याचे कामाचे कपडे बाह्या दुमडून अंगावर चढवले आणि जाऊन बोनेट उघडलं.

तेव्हापासून दोघांचं जमलंच नाही.

त्या दिवशी सकाळी नर्सबाईंची गाडी आली. बाई डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये बाळंतपणं करायला जायच्या. गाडी सपाटीवर गुमान चालायची, पण चढ लागला की मरगळायची. मागच्या आठवड्यात तर वळणावर बंदच पडायला आली आणि बाई बॅग काखोटीला मारून उरलेला रस्ता चालत गेल्या होत्या.

दिराने स्कॅनर लावला, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"टर्बो गेलाय. हवेच्या दाबात गडबड दाखवतोय. इंजिनात हवा कोंबून दाब कोण तयार करतं? टर्बो. नवीन मागवावा लागेल. तीन आठवडे धरा."

"तीन आठवडे?" नर्सबाई उडाल्याच. "वरच्या वस्तीवर दोघींचे दिवस भरलेत. त्यांना काय सांगू, जरा थांबा म्हणून?"

दिराने कागद भरला आणि वहिनींपुढे धरला. मोठ्या कामाला दोघांची सही लागायची, हा नवऱ्याने घालून दिलेला नियम.

"नाही करत," वहिनी म्हणाल्या.

"का?"

"टर्बो गेलाय असं स्कॅनर कुठे म्हणाला? दाबात गडबड आहे असं त्याला एका सेन्सरने सांगितलं, एवढंच. तो सेन्सरच खोटं बोलत असेल तर?"

"वहिनी, गिऱ्हाइकासमोर शोभा नको."

"मग गिऱ्हाइकासमोर अंदाजपंचेही नको, भावोजी."

नर्सबाईंनी एकदा दिराकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मग गाडीची चावी त्यांनी वहिनींच्या हातात दिली. दीर पाय आपटत दुसऱ्या गाडीकडे निघून गेला.

वहिनींनी हवा आत येते तिथून सुरुवात केली. फिल्टरच्या डब्यानंतर लगेच पहिला सेन्सर होता; आत किती हवा आली ते मोजणारा. त्याच्या पोटात केसासारखी बारीक तार असते. तिला बोट लागलं तरी ती निकामी होते, म्हणून त्यांनी तो नुसता उजेडात धरून पाहिला. तार लख्ख होती. त्यांनी तो होता तसा परत बसवला. मग इंजिनाच्या डोक्याशी, हवा सिलिंडरमध्ये वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवरचा दाबाचा सेन्सर काढला. त्याचं टोक काजळी आणि तेलाने बरबटलं होतं.

"हा बघा चोर," त्या नर्सबाईंना म्हणाल्या. टोकावर सेन्सर साफ करायचा स्प्रे मारला, काळं पाणी ओघळू दिलं, काहीही न खुपसता वाऱ्यावर सुकवलं, नवी रबरी रिंग घालून तो जागेवर बसवला. मग दोघी गाडी घेऊन मंडईमागच्या चढावर गेल्या.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली.

नर्सबाईंनी घड्याळात पाहिलं. ते वहिनींना फार लागलं. पहिल्या गिअरमध्ये रखडत दोघी परतल्या तर दीर फाटकातच हाताची घडी घालून उभा.

"काय वहिनी, चोर पळाला वाटतं?"

मागे दोघे मेकॅनिक फिदीफिदी हसले. वहिनींची कानशिलं तापली. "घाईने बोलले, चुकलं," त्या म्हणाल्या. "पण टर्बोच्या कागदावर सही अजूनही करत नाही."

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. नवरा पलंगावर उशीला टेकून होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "सोड ना. त्याला मागवू दे टर्बो. रोज रोज कशाला त्याच्याशी वाकड्यात शिरतेस? आपली बाजू अशीही लंगडी आहे."

"लंगडी तुमची कंबर आहे. आपली बाजू नाही."

तो हसला. गमतीने हसला की दुखऱ्या जागी बोट पडलं म्हणून, ते त्यांना कळलं नाही. ताट पुढे ओढून त्या म्हणाल्या, "टर्बो गेला असता तर शिट्टी वाजली असती, धूर झाला असता. तसं काहीच नाही. इंजिनाला हवा ओढता येतेय. कुणीतरी त्याला ओढू नको म्हणून सांगतंय."

"मग सांगणारे सगळे एका ओळीत उभे कर आणि विचार," नवरा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

परत आल्या तेव्हा स्कॅनर कपाटात होता आणि कपाटाला कुलूप.

"किल्ली द्या, भावोजी."

"मला लागणार आहे तो. दुसरी गाडी आहे."

"किल्ली."

"वहिनी, काउंटरवर बसा की जरा. किती हट्ट कराल?"

वहिनींनी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. "हे गॅरेज माझ्या नवऱ्याच्या कमरेवर उभं आहे. तुम्ही आलात, आधार झाला, ते मी कुठेही कबूल करीन. पण या कपाटाला माझ्यासाठी कुलूप लागणार नाही. आज नाही, पुढेही नाही."

सगळ्यांच्या हातातले पाने जागच्या जागी थांबले. दिराने खिसा चाचपला आणि किल्ली त्यांच्या तळहातावर टाकली. आपटलीच म्हणा ना.

वहिनींनी स्कॅनर जोडला. चावी ऑन केली, पण इंजिन चालू केलं नाही.

"चालवल्याशिवाय काय कळणार?" दिराला राहवलं नाही.

"इंजिन बंद असताना आतली हवा आणि बाहेरची हवा सारखीच. म्हणजे दाबाच्या सगळ्या सेन्सरनी एकच आकडा सांगायला हवा. बघा. बाहेरचा चौऱ्याण्णव. मॅनिफोल्डवरचा चौऱ्याण्णव. आणि हा तिसरा म्हणतोय एकशे सोळा. दाब आधीच जास्त झाला असं समजून इंजिन स्वतःच हात आखडतं."

"तिसरा? या गाडीला तिसरा नसतोच."

"मग हा आकडा काय भूत सांगतंय?"

आता कुणी हसलं नाही. वहिनी गाडीपुढे वाकल्या. टर्बोतून निघालेली तापलेली हवा थंड करणारी जाळी पुढच्या बंपरमागे होती आणि तिथून एक जाड पाइप वर इंजिनाकडे जात होता. वरून तो दिसत नव्हता. त्यांनी बॅटरी काढली, तिचा ट्रे काढला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून त्या डोळे मिटूनच पाइपावरून बोटं सरकवत राहिल्या. पाइपाच्या घड्या लागल्या, पाइप आवळणारा क्लॅम्प लागला, क्लॅम्पच्या खाली वीतभर अंतरावर दोन स्क्रूंनी धरलेला एक उंचवटा लागला. त्यातून वायर निघालेली.

"सापडला."

हेडलाइटच्या बुडाशी, चिखल उडतो त्याच बाजूला. वायरचा सॉकेट निघाला तेव्हा आतल्या एका पिनेवर हिरवा गंज दिसला. सॉकेटमधून पाण्याचा थेंब ओघळून वहिनींच्या मनगटावर आला.

गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचं इंजिन फवाऱ्याने धुऊन चकचकीत करायचं, ही दिराची पद्धत. सगळीकडे तो ती मिरवायचा. नर्सबाईंची गाडी महिन्यापूर्वीच तशी धुऊन निघाली होती. वहिनींनी तो थेंब त्याला दाखवला.

पिना बारीक ब्रशने घासून कोरड्या केल्या, सेन्सरचं टोक स्प्रेने धुऊन सुकवलं, सॉकेटला नवं सील घातलं, बॅटरी बसवली. चावी ऑन, इंजिन बंद. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव.

"चला," वहिनी म्हणाल्या, "आणि भावोजी, तुम्हीही चला. मागे बसा."

दुसरं वळण आलं. नर्सबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पाय दाबला. गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी उसळून वर गेली. तिसरं वळण, चौथं. बाई मोठ्याने हसायला लागल्या आणि चढ संपला तरी थांबेनात. तिथून वरच्या वस्तीची घरं दिसत होती. "आता कधीही बोलवू देत मला," त्या म्हणाल्या. मागच्या सीटवरून दीर खिडकीबाहेर बघत होता.

नर्सबाई गेल्यावर तो वहिनींजवळ आला.

"मला म्हणाल्या असतात तर फवारा बंद केला असता."

"म्हणाले होते. दोनदा. तुम्ही खुर्ची दाखवलीत."

शेडमध्ये तसल्याच बनावटीची दुसरी गाडी उभी होती. फवाऱ्याखालून नुकतीच निघालेली, थेंब गळत असलेली. वहिनींनी तिचं बोनेट उघडलं, बॅटरी आणि ट्रे काढून बाजूला ठेवले आणि दिराकडे वळल्या.

"हात घाला."

"मी?"

"दुसरं कोण? गाडी तुम्ही धुतलीत, ओलं झालंय का ते तुम्हीच बघा. घड्याळ काढून ठेवा आधी."

दोन्ही मेकॅनिक बघत होते. दिराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि इस्त्रीच्या शर्टासकट खांद्यापर्यंत आत शिरला. बराच वेळ तो चाचपडत होता.

"क्लॅम्पच्या खाली," वहिनी म्हणाल्या. "अजून खाली. घाई करू नका."

"...हां. लागला."

"वायर ओढायची नाही. आधी खटका दाबा."