शेवटचं वेत

घरात एखादं माणूस थकलं, की त्याच्याशी बोलणं कमी होतं आणि त्याच्याविषयी बोलणं वाढतं. हे कोणी ठरवून करत नाही. एका सकाळी चहा पिता पिता कोणीतरी म्हणतं, "हिचं आता काय करायचं?" आणि जिच्याविषयी हे विचारलं जातं ती शेजारच्याच खोलीत भांडी विसळत असते. आपल्या घरात असं कधी झालं का, ते ज्याचं त्याने आठवून बघावं. मी ज्या घराची गोष्ट सांगतो आहे, तिथे ते झालं.

घर गावाच्या टोकाला होतं. मागे गोठा, गोठ्यात दहाबारा गाई. घरधन्याला सगळे पारखी म्हणत; तोंडावर कौतुकाने, पाठीमागे जरा खवचटपणे. गाई घेण्याची त्याची रीत वेगळी होती. तरण्याताठ्या गाईंचे भाव ऐकूनच घाम फुटावा, म्हणून त्यांच्या वाटेला तो जातच नसे. तो शोधायचा उतारवयाच्या, पण गाभण असलेल्या गाई. अशी गाय मालकाला जड झालेली असते आणि बाजारात तिला कोणी हिंग लावून विचारत नाही. पारखी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारायचा, दात बघायचा आणि इतक्या थंडपणे भाव सांगायचा, की विकणाऱ्याला वाटावं हा आपल्यावर उपकारच करतोय. काही महिन्यांत गाय व्यायची. वासरू मिळायचं, वर्षभर दूध मिळायचं. दूध उतरलं की दारात ट्रक यायचा आणि गाय त्यात चढून जायची. ट्रक पुढे कुठे जातो, हे त्याने कधी विचारलं नाही.

"आपण गाय घेतच नाही," चहाच्या दुकानात तो सांगायचा, "आपण तिचं शेवटचं वेत घेतो." ऐकणारे माना डोलवायचे.

पारखी दुष्ट नव्हता. गाईवर त्याने कधी काठी उगारली नाही. हिशेबाला पक्का होता, इतकंच. आणि हिशेब पक्का असला की आपण माणूसही चांगलेच आहोत, असं वाटत राहतं.

गोठ्याचं खरं काम मात्र ताईचं होतं. ताई म्हणजे पारख्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पारखी आणि त्याचा धाकटा भाऊ लहान होते आणि ताईचंही फार वय नव्हतं. धाकट्याला कडेवर घेऊन तिने धारा काढल्या. तिच्या लग्नाचं यंदा नको, पुढच्या वर्षी बघू, असं करता करता विचारणारेच संपले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि भावांनीही विषय काढला नाही. आता तिच्या बोटांची पेरं सुजलेली असत. थंडीत मूठ वळत नसे. दुधाची भरलेली बादली एकदोनदा हातातून निसटली, तेव्हा पारख्याने दूध काढायचं मशीन आणलं. ताईकडे बादल्या धुण्याचं काम उरलं.

गाय बघायला जाताना मात्र पारखी अजूनही तिला बरोबर न्यायचा. गाईच्या कासेला तिचा हात लागला की त्याला भरवसा वाटायचा. एकदा एक तांबूस गाय बघायला गेला, तेव्हाही ताई बरोबर होती. विकणारा एक दुकानदार होता. बायकोच्या आजारपणामुळे तो गोठा मोडत होता. गाईच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला, "खाणं कमी, स्वभाव गरीब. दोन वर्षं सहज काढेल."

ताईने कास चाचपली. गाईने मान वळवून तिच्या खांद्यावर टेकवली आणि तशीच उभी राहिली.

"सड चारही चांगले आहेत," ताई म्हणाली. "पण ही थकलीय रे."

"थकलीय म्हणूनच परवडतेय," पारखी हसून म्हणाला. सौदा झाला.

पुढच्याच आठवड्यात गुरांच्या डॉक्टरबाई इतर गाईंना लस टोचायला आल्या. तांबूस गाईपाशी त्या थांबल्या आणि तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"हिची धार आता बंद करा. आटू द्या हिला. व्यायच्या आधी दोन महिने तरी अंगाला विसावा हवा. खुराक वाढवा. आणि व्याली की वाट बघत बसू नका. वय झालेल्या गाई व्यायल्यावर कधीकधी एकदम खाली बसतात. लगेच फोन आला तर मी बहुतेक वेळा उठवू शकते."

पारख्याने मान हलवली. पण शेवटच्या वेताच्या गाईवर खर्च करायचा नाही, हा त्याचा नियम होता. खुराक होता तेवढाच राहिला. धारही चालूच राहिली. येतंय दूध, तर सोडायचं कशाला? ताई शेजारच्या गाईपुढची पेंड गुपचूप तांबूस गाईपुढे सरकवायची. तिच्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं.

अशात एका सकाळी शहरातून धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या घरी बाळ झालं होतं. नवराबायको दोघंही नोकरीवर, बाळ सांभाळणार कोण? पारखी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसला होता. मागच्या मोरीत ताई बादल्या घासत होती.

"ताईला पाठवतो की," पारखी म्हणाला. "अरे, चालते अजून. हाताने जड काम होत नाही, पण मूल सांभाळायला काय लागतं? खाणं कमी, स्वभाव गरीब. दोनतीन वर्षं तुला काही बघावं लागणार नाही."

मोरीतला घासण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, ताईंना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? तिलाही बरंच. इथे तिला काम तरी काय उरलंय?"

ताईने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाटाचा आपला कप्पा रिकामा केला आणि सगळं एका बॅगेत भरलं. इतकी वर्षं त्या घरात काढलेल्या बाईचं सामान एका बॅगेत मावलं आणि वर जागा राहिली.

जायच्या दिवशी पहाटे तांबूस गाय व्याली. कालवड झाली, धडधाकट. पारखी खूश झाला. पण उजाडलं तेव्हा गाय खाली बसलेली होती. ताईने तिचे कान हातात धरले.

"गार पडलेत. डॉक्टरबाईंना बोलव."

"दमली असेल. उठेल थोड्या वेळाने," पारखी म्हणाला. "तू आवर. दुपारची बस आहे."

गाय उठली नाही. तिने मान वळवून पोटाशी टेकवली आणि डोळे अर्धवट मिटले. ताई दुसऱ्यांदा सांगायला आली, तिसऱ्यांदा आली. पारखी म्हणत राहिला, बघू. शेवटी त्याच्या बायकोनेच त्याला न विचारता फोन केला. डॉक्टरबाई आल्या तोवर ऊन चढलं होतं. गोठ्यात ताई जमिनीवर बसली होती आणि गाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

डॉक्टरबाईंनी शिरेत औषध सोडलं, थांबल्या, परत सोडलं. बराच वेळ त्या गाईच्या छातीशी कान देऊन होत्या. मग त्यांनी नळी काढून घेतली.

"गेली," त्या म्हणाल्या. "खाली बसल्याबरोबर फोन केला असतात तर कदाचित उठली असती."

पारखी पुटपुटला, "वयच झालं होतं तिचं. शेवटचंच वेत होतं."

"हेच चुकतं तुमचं," डॉक्टरबाई हात पुसत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "म्हातारी गाय घेणं गैर नाही. उलट तिला आणखी एक गोठा मिळतो, हे चांगलंच. पण तुम्हाला वाटतं, तुम्ही तिचं एक वेत घेतलंत. आधीची सगळी वेतं तिच्या अंगावर असतात हो. ज्यांनी ते दूध प्यायलं ते निघून गेले. मग झीज भरून काढायची कोणी? जो शेवटी घेतो, त्याच्यावरच ती जबाबदारी येते. ती घ्यायची नसेल, तर गाय घेऊ नये."

बोलता बोलता त्यांची नजर ताईच्या हातांवर गेली. त्यांनी खाली वाकून तिची बोटं हातात घेतली. "हे किती दिवसांचं आहे? कुठे दाखवलं की नाही?"

पारख्याने मान खाली घातली. दाखवायचं असतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

डॉक्टरबाई गेल्या. ताईने गाईचं डोकं हळूच खाली ठेवलं, नळावर हात धुतले आणि घरातून बॅग घेऊन आली.

"चल. बस चुकेल."

"ताई, आज राहू दे गं."

"आज काय आणि उद्या काय." ती उंबऱ्याशी थांबली. "एक विचारू? रागावू नकोस. खाणं कमी, स्वभाव गरीब, असं तू फोनवर म्हणालास. तो दुकानदारही हेच म्हणाला होता. तर धाकट्याचं बाळ मोठं झालं, की मला पुढे कुठे पाठवणार, ते आत्ताच सांग. त्या हिशेबाने कपडे घेते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि तेच पारख्याला सोसलं नाही. आजवर किती ट्रक दारातून गेले आणि आपण एकदाही विचारलं नाही! ज्या हातांनी आपल्याला भरवलं त्या हातांचीही आपण किंमतच करत बसलो! तो मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"कुठे जायचं नाही तू," तो म्हणाला. "चुकलो मी."

"अरे, पण मी इथे करू काय?"

"काही करू नकोस. नुसती राहा."

ताईला ते कळलं नाही. काही न करता एखाद्या घरात राहता येतं, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

पारख्याने धाकट्याला फोन केला. "बाळाला बघायला आम्ही सगळे येऊ. ताई येईल ती आत्या म्हणून येईल. कामाला बाई तू ठेव." दुसऱ्या दिवशी तो ताईला दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, बोटं आता सरळ होणार नाहीत, लवकर यायला हवं होतं. दुखणं तेवढं कमी करता येईल.

गाभण म्हाताऱ्या गाई पारखी अजूनही घेतो. पण व्यायच्या आधी त्यांना आटवतो, पोटभर घालतो आणि दूध उतरल्यावर त्या त्याच्याच मागच्या अंगणात बसून असतात. ट्रक येत नाही. फायदा घटला, आणि चहाच्या दुकानात लोक त्याला येडा पारखी म्हणतात. तोही हसतो.

तांबूस गाईची कालवड आता मोठी झाली आहे. ताई अंगणात खुर्चीवर बसते आणि कालवड येऊन तिच्या खांद्यावर मान टेकवते. सगळं छान झालं, असं मला इथे लिहायचं होतं. पण एक गोष्ट राहिली आहे. ताईने ती बॅग अजून रिकामी केलेली नाही. धुतलेले कपडे घडी करून ती पुन्हा बॅगेतच ठेवते. शहरातून फोन आला की तिची नजर आधी खाटेखालच्या त्या बॅगेकडे जाते. पारखी हे रोज बघतो. कपाटातला तिचा कप्पा त्याने स्वतः पुसून ठेवला आहे. त्यात एकही कपडा नाही.

म्हणून सांगतो, मंडळी, ज्यांनी आपल्यासाठी हाडं झिजवली त्यांच्यात आता काय उरलंय, हे मोजू नका. आणि एकदा मोजलंत, तर ते त्यांना कळतं. मग तुम्ही कितीही बदललात, तरी त्यांची बॅग भरलेलीच राहते.