ताळा

चेतनानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘४१’ लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि वर्गाकडे तोंड करून उभी राहिली.

शेवटच्या बाकावर दयाराम गुरुजींनी पिशवी मांडीवरून उतरवून पायाशी ठेवली. पस्तीस वर्षं शिकवण्यात गेली, पण वर्गात इतक्या मागं ते कधी बसले नव्हते. इथून पोरांच्या फक्त माना दिसत होत्या. समोरून चेहरे पाहायची सवय. मानेवरून कुणाला कळलं आणि कुणाला नाही, हे ओळखता येईना.

नवा रायपूरच्या या मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायची रीतच तशी होती. एका खऱ्या माणसाची हकिगत नावं बदलून पोरांच्या हाती छापून द्यायची. त्याचं कुठं चुकलं ते पोरांनी बेधडक बोलायचं. आणि ज्याची हकिगत, तो त्याच वर्गात गुपचूप मागं बसलेला असायचा. तास संपता संपता बाई सांगणार, ‘हेच ते.’

“मले बोलायचं नाही म्हणते?” गुरुजींनी सकाळी गाडीत विचारलं होतं.

“एक शब्दही नाही, गुरुजी. तुम्ही आम्हाले बाकावर उभं करायचे. आज तुम्ही बसा.”

चेतना त्यांच्याच शाळेतली. तिसरीत वजाबाकीला रडणारी. आता ‘निवडणूक आणि व्यवस्थापन’ असा विषय शिकवायची आणि वॉर्डांच्या निवडणुकांवर संशोधन करायची. चार महिन्यांपूर्वी ती घरी आली, समोर बसून विचारत गेली आणि गुरुजी सांगत गेले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २००९ साली, आपण पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला अपक्ष उभे राहिलो. एक्केचाळीस मतांनी पडलो. आणि पडलो ते हिरालालमुळे.

हिरालाल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. बावीस वर्षांची दोस्ती. प्रचाराचं सगळं त्याच्याच अंगावर. मतदानाच्या दुपारी त्याचा पुतण्या बंडू विरोधकाच्या जीपमध्ये बसलेला गुरुजींनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. संध्याकाळपर्यंत त्यांनी हिशेब जुळवून टाकला होता. हिरालालची गल्ली फुटली. त्या गल्लीचं चार नंबरचं बूथ गेलं.

मोजणीच्या दिवशी बेरीज ऐकून ते तडक घरी निघून आले. रात्र पडायच्या आत हिरालाल दारात आला. हातात बूथवार मतांचा कागद होता.

“गुरुजी, एक डाव हे पाहून घ्या.”

“तुह्याजवळच राहू दे.”

तेवढंच. त्यानंतर चौदा वर्षांत दोघांत शब्द झाला नाही.

छापील हकिगत इंग्रजीत होती, म्हणून गुरुजींनी ती वाचली नव्हती. इमानदार माणूस आपल्याच माणसाच्या दग्यानं कसा पडतो, हे पोरांना कळावं, एवढ्याच आशेनं ते आले होते.

“तो बताइए,” चेतना म्हणाली, “मास्टरजी क्यों हारे?”

निळ्या शर्टातल्या पोरानं हात वर करायच्या आधीच तोंड उघडलं. “मैम, सीधी बात है. एच पलट गया. मास्टरजी ने खुद बोला है पेज दो पे.”

एच म्हणजे हिरालाल. गुरुजींनी मान हलवली. पोरगा हुशार होता.

“और किसी को कुछ कहना है?”

खिडकीशी बसलेली एक पोरगी पानं पुढंमागं करत होती. चेतनानं तिच्याकडे पाहिलं. “कौमुदी?”

“मैम, पेज दो और पेज सात आपस में मिलते नहीं.”

“कैसे?”

“पेज सात पर बूथ का टेबल है. चार नंबर में तो मास्टरजी को सौ में अस्सी वोट मिले हैं. पूरे वॉर्ड में सबसे ज्यादा. अगर एच पलटा था, तो ये अस्सी कहाँ से आए?”

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, “ऐसे गद्दार हमको भी मिल जाएँ.”

पुन्हा हसू उसळलं. गुरुजींचा हात पिशवीच्या बंदावर होता. तो तिथंच राहिला.

“फिर हारे कहाँ?” चेतनानं विचारलं. ती मागं पाहत नव्हती. तास सुरू झाल्यापासून तिनं एकदाही मागं पाहिलं नव्हतं, हे गुरुजींच्या आता ध्यानात आलं.

“छह नंबर,” कौमुदी म्हणाली. “स्कूल के पीछे वाला मोहल्ला. लिस्ट में नौ सौ चालीस नाम हैं, वोट डालने आए सिर्फ दो सौ नब्बे. जो आए, वो ज्यादातर मास्टरजी के साथ हैं. बस, आए ही नहीं. इसी हिसाब से सौ लोग और आ जाते तो जीत जाते.”

“क्यों नहीं आए?”

मग निळ्या शर्टातला पोरगा पान चाळून म्हणाला, “पेज तीन पे है. एच ने तीन बार कहा कि उस मोहल्ले में घर-घर जाना है. मास्टरजी बोले, वहाँ के सब बच्चे मैंने पढ़ाए हैं, अपने घर वालों को न्योता नहीं देते.”

“मतलब किसी ने बुलाया ही नहीं,” कौमुदी म्हणाली. “लोगों को लगा होगा, सर तो जीत ही रहे हैं.”

आपलंच वाक्य. गुरुजींना ते जसंच्या तसं आठवलं. शाळेच्या व्हरांड्यात, मतदार यादी गुडघ्यावर ठेवून हिरालाल बसला होता. “घरच्याइले आवतन द्यावं लागते का रे हिरालाल?” असं म्हणून आपण हसलो होतो. तो हसला नव्हता.

चेतनानं सातव्या पानावरचा तक्ता पडद्यावर मोठा केला. हातानं आखलेल्या रेघा, निळी शाई. सातच्या आकड्याला पोटात आडवी रेघ. रेल्वेच्या पार्सलांवर तसाच सात असायचा. बावीस वर्षं पाहिलेला सात ओळखायला गुरुजींना चष्मा पुसावा लागला नाही. तरी त्यांनी तो काढून पुसला.

घड्याळात पाच मिनिटं उरली, तेव्हा चेतना म्हणाली, “मास्टरजी आज हमारे बीच बैठे हैं.”

सगळ्या माना वळल्या. निळ्या शर्टातला पोरगा कानापर्यंत लाल झाला. गुरुजी उभे राहिले. टाळ्या झाल्या, थांबल्या. रीतीप्रमाणे आता त्यांनी बोलायचं होतं.

कौमुदीनं हळूच विचारलं, “सर, एच से फिर बात हुई आपकी?”

मागच्या मार्गशीर्षात बंडू दारात येऊन उभा राहिला होता. “काका गेले. दुपारी नेऊन राहिलो.” गुरुजी म्हणाले होते, “बरं.” ते गेले नाहीत. त्या संध्याकाळी शिकवणीच्या पोरांकडून त्यांनी एकोणीसचा पाढा तीनदा म्हणवून घेतला होता. पोरांना वाटलं, गुरुजी रागावले.

“नहीं, बेटा,” गुरुजी म्हणाले. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. मग म्हणाले, “उसका नाम हिरालाल था. इसमें लिख लेना.”

परतताना तेलीबांध्याच्या तलावाशी गाडी सिग्नलला थांबली.

“आधी दाखवणार होते, गुरुजी. दोनदा घरी आले, तसेच परत गेले. हिंमत झाली नाही.” चेतनाचे हात स्टिअरिंगवरच होते. “तुम्हाले नको असेल तर ते पान काढून टाकते. केस पुन्हा शिकवणार नाही.”

“कोणतं पान काढशील? दुसरं का सातवं?”

तिनं सिग्नलच्या लाल दिव्याकडे पाहिलं.

“बरोबर केलं तू. उत्तर आलं म्हणून झालं का, असं मीच तर म्हणायचो.”

“ताळा दाखव, म्हणायचे,” चेतना म्हणाली.

“हव.” त्यांनी काचेबाहेर पाहिलं. “कागद कोणी दिला तुले?”

“काकूनं. हिरालालकाकांच्या घरून, अंजनाबाईनं.”

सिग्नल सुटला.

“मले ब्राह्मणपाऱ्यात उतरव,” गुरुजी म्हणाले.

हिरालालची गल्ली तीच होती, दार नवं. अंजनाबाईंनी दार उघडलं, पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. बसा म्हणाल्या. पाणी आणलं. भिंतीवर हिरालालचा फोटो होता, रेल्वेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून जरा घाबरल्यासारखा.

गुरुजींनी पाणी प्यायला वेळ लावला. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, “बंडू कसा आहे?”

“भिलाईले असते. ट्रक आहे त्याचा.” अंजनाबाई समोर पाटावर बसल्या. “त्या दिवशी तुम्ही त्याले जीपमध्ये पाह्यलं होतं म्हणे. ज्यायची जीप होती त्यायले बनवलं होतं पोट्ट्यानं. त्यायच्याच जीपमध्ये बसवून आपल्या गल्लीतल्या बुढ्या नेल्या बूथवर. सतरा बुढ्या. घरी येऊन किती हासला होता.” त्या थोडं हसल्या, मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. “तुमाले सांगायचं होतं यायले.”

“मंग काहून नाही सांगितलं? आलाच नाही तो पुन्हा.”

“मी म्हनलं ना. दहा डाव म्हनलं, जाऊन सांगून या, एवढा काय तो मान. तर म्हने, नाही. मी सांगितलं तर ते माह्यं सांगनं होईन. गुरुजी येतीन सोताच. ताळा पाह्यल्याशिवाय राहनारा मानूस नाही तो.” त्यांनी कपाटाकडे बोट केलं. “वरच्याच खणात ठेवला होता कागद. आले की शोधायले नको. गेल्या महिन्यात चेतना आली, मंग तिले देल्ला. म्हनलं, आता कोन येते.”

गुरुजींनी पिशवीतून त्या कागदाची, गाडीतून उतरताना चेतनानं दिलेली झेरॉक्स काढली आणि मांडीवर पसरली. आकड्यांखालून त्यांचं बोट फिरलं. वरून खाली हिरालालनं बेरीज करून ठेवलीच होती, म्हणून त्यांनी खालून सुरुवात केली, जसं ते पोरांना शिकवत. आठ, सात, सहा. ओठ हलत होते. चार नंबरच्या बूथपाशी बोट थांबलं.

“चहा ठेवू?” अंजनाबाईंनी विचारलं.

“ठेवा,” गुरुजी म्हणाले, आणि हातचा विसरला म्हणून पुन्हा खालून मोजायला लागले.