मामीचं फडकं

मामाला सगळे थापाड्या म्हणतात, मीसुद्धा. त्यामुळे तो मामीला घेऊन, घरातलं जुनं मैफलीचं पोस्टर काखोटीला मारून माझ्याकडे आला, तेव्हा मला धास्तीच वाटली. रॉक-मैफलींची जुनी पोस्टरं खरी की खोटी हे सांगणं हा माझा धंदा आणि त्यात मी नात्यागोत्याची भीड ठेवत नाही.

पोस्टर मात्र झकास होतं. नारिंगी-जांभळी, वितळल्यासारखी अक्षरं. वाचता वाचता गरगरावं अशी. "मैफलीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः भिंतीवरून सोडवलं," असं मामा पन्नास वर्षं सांगतोय. घरात कुणाचाही विश्वास नाही.

"आज काय तो सोक्षमोक्ष लाव," मामी म्हणाली. "खोटं निघालं तर हे मैफलीचं पुराण कायमचं बंद. कबूल केलंय त्यांनी."

मामा हसत होता, पण हातातल्या टोपीशी उगाच चाळा चालला होता.

भिंगाखाली रंग सलग दिसले. फोटोवरून छापलेल्या नकलेत बारीक ठिपके असतात, ते नव्हते. मी खुशीत जांभळा दिवा लावला. जुना कागद त्याखाली मंद राहतो, नवा निळा चमकतो. हे तर लखलखलं!

"मामा, हा कागद नवा दिसतोय," मी म्हणाले. मामाने गुपचूप टोपी डोक्यावर चढवली.

"नीट बघ गं," मामी म्हणाली. "मी दरवर्षी स्वच्छ पुसते ते."

"कशाने?"

"ओल्या फडक्याने. कपडे धुवायची पावडर घालून. चिमूटभरच हं."

मी कपाळावर हात मारला. दुसरं कुणी असतं तर दाराबाहेर काढलं असतं! नव्या कागदात असतं तेच चमकणारं रसायन त्या पावडरीतही असतं. पुन्हा पाहिलं, तर चमक सलग नव्हतीच. फडक्याचे अर्धगोल फराटे होते. पोस्टर उलटं केलं. मागचा कागद मंद, आणि कोपऱ्यांत वाळलेल्या खळीला भिंतीच्या रंगाचे पोपडे चिकटलेले.

"मामा, अस्सल आहे! भिंतीवरूनच सोडवलेलं." मला इतका आनंद झाला की माझाच आवाज चिरकला.

"म्हणजे गिटारवाल्याने यांना मिठी मारली, तेही खरं?" मामी धास्तावली.

"त्याला जरा तिखटमीठ लावलंय," मामा डोळे पुसत म्हणाला. "पण काय गं, खोटं वाटत होतं तर पुसत कशाला होतीस?"

मामी पोस्टर हलक्या हाताने गुंडाळत होती.

"रोज उठल्या उठल्या तुम्ही आधी त्याच्याकडे बघता," ती म्हणाली. "मग ते मळकं कसं ठेवू?"